पत बसवताना आणि मोडलेली पत सांधताना : खान्देशात नव्यानं व्यवहार मांडणाऱ्यांसाठी

हा लेख दोन प्रकारच्या माणसांसाठी आहे. एक, बदलीमुळे, लग्नामुळे किंवा धंद्याच्या निमित्तानं जळगाव, धुळे, नंदुरबारकडे नव्यानं आलेला. दुसरा इथलाच, पण आजवर वडिलांच्या किंवा मोठ्या भावाच्या नावावर ज्याचं भागलं आणि आता स्वतःच्या नावानं दुकान टाकायला, गाडी घ्यायला, केळीचा पहिला सौदा करायला निघालाय. दोघांची अडचण एकच. हात चालतात, भांडवल थोडंफार आहे, पण बाजारात नाव नाही.

इथे धंदा आणि नातं वेगळं काढता येत नाही, हे आधीच डोक्यात घ्या. ज्याच्याकडून तुम्ही खत उधार आणता तो मावसभावाचा साडू निघतो. ज्यानं पैसे लांबवले त्याच्याच घरची लग्नपत्रिका येते आणि जावंही लागतं. त्यामुळे ‘धंद्यात नाती आणू नका’ हा सल्ला ऐकायला बरा, पाळायला अशक्य. नाती येणारच आहेत. प्रश्न इतकाच, की ती आल्यावर व्यवहार कसा सांभाळायचा.

व्यापाऱ्यांच्या वह्या लिहिता लिहिता मला एक गोष्ट पक्की दिसत आली आहे. पैसा बुडाला म्हणून जितकी माणसं तुटतात, त्याहून जास्त माणसं तुटतात ती पैसा अडकल्यावर समोरचा गप्प बसला म्हणून. फोन उचलत नाही, बाजारात दिसला की गल्ली बदलतो, मुलाला सांगतो ‘पप्पा बाहेर गेलेत म्हण’. रक्कम माफ होते, हे माफ होत नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती फिरतात : आकडा आधी सांगा, तारीख सांगा, आणि तारीख चुकणार असेल तर ती उजाडायच्या आत कळवा.

पायरी १ : आधी ओळख, मग माल

खान्देशात कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न ‘गाव कोणतं?’ आणि दुसरा ‘कुणाकडचे?’. नव्या माणसाला यात चौकशीचा वास येतो. पण समोरचा फक्त इतकंच शोधत असतो, की उद्या तुम्ही चुकलात तर बोलायचं कुणाशी. सरळ उत्तर द्या. ओळखीचं कुणी नसेल तर तसं सांगा आणि कुठे राहता, दुकान कुणाच्या जागेत आहे, भाडेकरार किती दिवसांचा आहे, हे न विचारता सांगून टाका.

कुणी तुमची ओळख करून दिली, तर तो माणूस न बोलता तुमचा जामीन झाला. कागदावर नसेल, लोकांच्या डोक्यात असतो. म्हणून पहिले दोन-तीन व्यवहार पूर्ण झाले की त्याला फोन करा : ‘नाना, तुम्ही सांगितलेल्या माणसाचे पैसे आज दिले.’ आणि व्यवहार फसतोय असं दिसलं, तर ते त्याला तुमच्या तोंडून कळू द्या, चहाच्या टपरीवर नको.

भाषेबद्दल थोडंसं. दोन शब्द अहिराणी बोललात तर धुळे, अमळनेर, साक्री भागात माणूस हसतो आणि खुर्ची पुढे सरकवतो. पण रावेर-यावलकडे लेवा बोली आहे, सातपुड्याच्या पायथ्याला पावरी आणि भिली. सगळं खान्देश म्हणजे अहिराणी, असं धरून रावेरजवळच्या सावद्यात ‘कितला भाव शे?’ विचारायला गेलात तर लोक वाईट मानणार नाहीत, पण तुम्ही पाठ करून आलाय हे त्यांना कळेल. भेटीची वेळही सांभाळा. वैशाखात दुपारी बारा ते चार कुणाच्या दारात उभं राहू नये. भुसावळचं ऊन तुम्हाला अजून माहीत नाही.

पायरी २ : लहान शब्द द्या आणि तो तारखेला पाळा

नवे लोक पहिल्याच भेटीत मोठं बोलतात. ‘तुमचा सगळा माल मी उचलतो.’ असं बोलणारे इथल्या शेतकऱ्यानं भरपूर पाहिलेत. त्याऐवजी एक गाडी माल घ्या, पैसे गुरुवारी देतो म्हणा आणि बुधवारी संध्याकाळी द्या.

मेयर, डेव्हिस आणि शूरमन या तीन अमेरिकी अभ्यासकांनी १९९५ साली विश्वासाची एक मांडणी केली, ती कामाची आहे. समोरचा माणूस तुमच्यात तीन गोष्टी तपासतो : काम जमतं का, त्याचं भलं तुम्हाला हवंय का, आणि सचोटी आहे का. आपल्या बाजारात याची तपासणी रोज होते, फक्त तिला नाव नाही. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मेकॅनिक हुशार आहे पण जुना पार्ट नवा म्हणून बसवतो, तर त्याचं पहिलं खरं आणि तिसरं खोटं. पतसंस्थेत पैसे ठेवायला लावणारा लांबचा काका मनानं चांगला आहे पण त्याला ताळेबंद वाचता येत नाही, तर त्याचं दुसरं खरं आणि पहिलं कच्चं. एखाद्यावर भरवसा ठेवताना यातलं नेमकं काय बघून ठेवताय, ते स्वतःला विचारा. आपण बहुतेक वेळा दुसऱ्या गोष्टीवरच, म्हणजे मनाच्या चांगुलपणावरच, भाळतो.

‘बघू’, ‘होऊन जाईल’, ‘टेन्शन घेऊ नका’ ही उत्तरं तोंडातून काढून टाका. नाही जमणार तर नाही म्हणा. इथला माणूस नकारानं तेवढा दुखावत नाही जेवढा चार फेऱ्या मारून मिळालेल्या नकारानं दुखावतो.

पायरी ३ : लिहून ठेवा, पण लिहिण्यानं माणूस दुखावू देऊ नका

ही सगळ्यात नाजूक पायरी. ‘आपल्यात काय लिहायचं?’ हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल, आणि तेही प्रेमानं. तिथे वाद घालू नका. ‘आबा, तुमच्यावर शंका नाही. मी उद्या नसलो तर घरच्यांना कळायला हवं की तुमचे किती द्यायचे आहेत’ असं म्हणा. लिखाण तुमच्या देण्यापासून सुरू झालं की समोरचा सहसा अडवत नाही.

लिहायचं काय? नाव, रक्कम, कशाबद्दल, परत कधी. त्याच दिवशी मोबाइलवर साधा मेसेज : ‘रामराम दाजी. आज तुमच्याकडून ४५,००० रुपये बँकेतून मिळाले. बोअरवेलसाठी. दसऱ्यापर्यंत परत करतो.’ त्यांनी ‘ठीक’ लिहिलं तरी पुरे. यूपीआयनं पैसे पाठवताना खाली शेऱ्याची जागा असते, तिथे ‘बियाणे उधारी’, ‘हातउसने’ असे दोन शब्द टाका. दोन वर्षांनी ही नोंद कशाची, हे कुणालाच आठवत नाही आणि भांडण तिथूनच सुरू होतं.

कायद्यातलं थोडं माहीत असू द्या. हातउसने दिलेले पैसे किंवा उधार दिलेल्या मालाची रक्कम न्यायालयातून वसूल करायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. ती संपण्याआधी देणेकऱ्यानं सही करून ‘इतके देणं बाकी आहे’ असं लिहून दिलं, तर मुदत तिथून नव्यानं मोजतात. म्हणून वर्षातून एकदा दोघांनी बाकीवर सही करणं चांगलं. ५,००० रुपयांच्या वरच्या पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं. आणि धंदा करणाऱ्यानं २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं उसनी घेऊ नये. आयकर कायद्याला ते चालत नाही, मग देणारा सख्खा मेहुणा का असेना.

दागिन्यांचं वेगळं सांगतो, कारण जळगाव ही सोन्याची पेठ आहे आणि लग्नात पाटल्या, हार उसने नेणं घरोघरी चालतं. इथे कागद मागितला तर जाऊबाई वर्षभर बोलणार नाहीत. मग दागिना देताना दोघींनी मिळून वजन करावं, फोटो काढावा आणि तो घरच्या ग्रुपवर ‘नेसायला शालू, घालायला पाटल्या, तयारी झाली’ अशा थाटात टाकून द्यावा. वजन आणि तारीख दोन्ही राहिली, आणि कुणी दुखावलं नाही. अलीकडे घेतलेल्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, कोरलेला असतो. फोटोत तो आला तर उत्तमच. बीआयएस केअर ॲपवर टाकला की दागिना कोणता, शुद्धता किती, ते दिसतं.

पायरी ४ : काटा समोरच्याच्या डोळ्यांसमोर ठेवा

कापूस, केळी, मिरची यांच्या व्यवहारात विश्वास जातो तो बहुतेक वेळा वजनात आणि कपातीत. भावावरून माणसं घासाघीस करतात, हसतात आणि सौदा करतात. वजनावरून मात्र मनात धरून बसतात.

कापसाची खेडा खरेदी घ्या. व्यापारी गाडी, काटा, हमाल घेऊन दारात येतो. शेतकऱ्याच्या घरात कापूस भरून ठेवलेला, अंगाला खाज सुटलेली, लेकीच्या फीची तारीख जवळ आलेली. त्याला विकायचंच असतं, आणि ते व्यापाऱ्यालाही माहीत असतं. नव्या व्यापाऱ्यानं इथेच आपलं नाव कमवावं किंवा घालवावं. पोचल्यावर काटा सपाट जागी ठेवा. शून्य आल्याचं शेतकऱ्याला दाखवा. गाडीत २० किलोचं शिक्का मारलेलं वजन असू द्या आणि ते त्याच्याच हातानं काट्यावर ठेवायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढे गठडी चढत असताना ओसरीवर बसलेले चार जण जी कुजबुज करतात, ती यानं थांबते. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी करून घ्यावी लागते. त्याचा दाखला गाडीतच ठेवा.

मग ओलावा. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर ८ टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव धरतात आणि १२ टक्क्यांपर्यंत कपात करून माल घेतात, हे आता गावात सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही मुठीत कापूस दाबून ‘ओला आहे नाना, दोन किलो कट लागेल’ म्हणालात की संपलं. मीटर वापरा. ढिगाच्या वरून, मधून आणि तळातून असे तीन आकडे घ्या, मोठ्यानं वाचा, शेतकऱ्याच्या मुलाला लिहायला सांगा. आणि कट किती धरणार, ते गठडी काट्यावर चढायच्या आत ठरवा. वजन झाल्यावर सांगितलेली कपात रास्त असली तरी चोरीच वाटते.

केळीत गोष्ट थोडी निराळी. रावेर, यावल, चोपड्याकडे व्यापारी बागेतच माल कापून नेतो. भाव बऱ्हाणपूर आणि रावेरच्या जाहीर झालेल्या दरांकडे बघून ठरतो, आणि हे दर रोज हलतात. सोमवारी बोलणी झाली, कापणी शुक्रवारी आली, मधल्या काळात भाव उतरला किंवा चढला. आता कोणता धरायचा? हा प्रश्न शुक्रवारी बागेत, मजूर कोयता घेऊन उभे असताना विचारला की दोघांपैकी एक जण वर्षभर दुसऱ्याला शिव्या देतो. सोमवारीच बोला : भाव बोलणीच्या दिवसाचा की कापणीच्या, जाहीर दरापेक्षा किती कमी-जास्त, डागी माल कोणाच्या खात्यात, चुकारा (मालाचे पैसे) किती दिवसांत.

कापणी सुरू झाली की दोन माणसांनी दोन वह्यांत वजन लिहावं, एक तुमचा, एक बागवाल्याचा. गाडी हलण्याआधी दोन्ही वह्यांची बेरीज जुळवा. जुळली नाही तर घाई असली तरी थांबा. मी अशा वेळी फरक आठ-दहा किलोचाच निघालेला पाहिला आहे, कुणीतरी एक ओळ गाळलेली असते. पण गाडी निघून गेली असती तर तेच दहा किलो गावात दोन क्विंटल झाले असते.

नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांवर, जिथे ओली लाल मिरची घेऊन वाळवतात, तिथेही नियम हाच : ओल्याचा भाव आणि वाळल्याचा भाव एका दमात बोलू नका. आणि धडगाव, अक्कलकुव्याकडच्या आठवडे बाजारात किंवा होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात दुकान मांडणार असाल तर ही काळजी दुप्पट घ्या. तिथल्या लोकांना मापात फसवलं गेल्याच्या आठवणी पिढ्यांच्या आहेत. तुमचा स्वभाव कितीही चांगला असो, त्यांनी आधी काटाच बघायचा.

पायरी ५ : उधारीला मर्यादा आधी, मुदत नंतर

कृषी सेवा केंद्र टाकलंत तर जूनमध्ये बियाणं-खत जातं आणि पैसे कापूस विकल्यावर येतात. हा इथला रिवाज आहे, तो मोडून दुकान चालत नाही. पण प्रत्येक खात्याला आकड्याची मर्यादा घाला आणि ती त्याला पहिल्याच दिवशी सांगा. ‘अण्णा, तुमचं खातं ३०,०००पर्यंत चालू ठेवतो, त्याच्या वर गेलं की आधी थोडे जमा करू.’ मर्यादा सांगणाऱ्या दुकानदाराला लोक कंजूस म्हणतात. हंगामाच्या मध्यात अचानक उधारी बंद करणाऱ्याला काय म्हणतात, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जळगावच्या एमआयडीसीत चटई, पाइप, डाळ यांचे लहान कारखाने आहेत. तुमचा तसा काही उत्पादनाचा किंवा सेवेचा छोटा उद्योग असेल आणि ‘उद्यम’ नोंदणी असेल, तर लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्यानं तुमच्या बाजूनं मुदत बांधून दिली आहे : लेखी करार नसेल तर १५ दिवस, करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे नाही. मोठ्या गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी कायदा दाखवून नातं खराब करू नका. बिलावर छापून ठेवा. गरज पडेल तेव्हा बोट ठेवता येतं.

पायरी ६ : घरातल्या व्यवहाराला बाहेरच्यापेक्षा जास्त शिस्त

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, वर्ष बदलतं. साल किती, धान्य किती, उचल किती दिली, किती फिटली, हे त्या दिवशी त्याच्यासमोर, शक्यतो त्याच्या बायकोसमोर, वाचून दाखवा. सालदार शिकलेला नसेल तर शाळेत जाणाऱ्या त्याच्या मुलीला वाचायला द्या. निमबटाईचंही (अर्ध्या वाट्यानं केलेल्या शेतीचंही) तसंच. बियाणं-खताचा खर्च कोणाचा, पाणीपट्टी कोणाची, चारा कोणाचा, हे पेरणीआधी ठरलं की कापणीत तोंडं वाकडी होत नाहीत. (आखाजीलाच गावोगाव पत्त्यांचे डाव रंगतात. त्या डावात दिलेल्या उसनवारीसाठी या लेखात एकही सल्ला नाही. ते पैसे गेले असं समजा.)

भावाभावांत सगळ्यात जास्त बिघडतं ते आईवडिलांच्या दवाखान्याच्या खर्चावरून. एकानं रोख दिले, दुसऱ्यानं रजा काढून पुण्याच्या चकरा मारल्या, तिसऱ्यानं डबा पोचवला. पैशाचा हिशोब लिहिला जातो, डब्याचा लिहिला जात नाही आणि ठिणगी तिथेच पडते. ग्रुपवर बिलं टाकता ना? मग ‘आज दिवसभर आईजवळ वहिनी होती’ हेही टाका.

बचत गटातल्या बायकांकडून एक सवय घेण्यासारखी आहे. गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि हिशोब लेखन अशा पाच गोष्टी येतात. चांगल्या गटात बैठक उठण्याआधी हिशोब मोठ्यानं वाचतात. कुणाचा हप्ता थकला ते सगळ्यांसमोर येतं, आणि सगळ्यांसमोर येतं म्हणूनच पाठीमागे बोलायला काही उरत नाही. एकत्र कुटुंबात महिन्यातून एकदा असं वाचन व्हायला लागलं तर निम्मे वकील घरी बसतील.

पायरी ७ : मोडलं तर पहिल्या दिवशी काय करायचं

समजा, तुम्ही केळीचा व्यापार करता. पुढच्या पार्टीनं दिल्लीहून पैसे पाठवले नाहीत आणि तुम्ही पंधरा तारखेला द्यायचा म्हटलेला चुकारा हातात नाही. आज तेरा तारीख आहे.

आजच निघा. मोटारसायकल घ्या आणि बागवाल्याच्या घरी जा. फोनवर सांगू नका. फोनवर माणूस तुमचा चेहरा बघू शकत नाही आणि त्याला वाटतं तुम्ही पळायच्या बेतात आहात. गेल्यावर कारणानं सुरुवात करू नका. दिल्ली, मार्केट, ट्रक, हे सगळं नंतर, तेही त्यानं विचारलं तर. पहिलं वाक्य असं असू द्या : ‘जिभाऊ, पंधरा तारखेचा शब्द माझ्याकडून चुकतोय. तुमचे १,८०,००० द्यायचे आहेत. आज ४०,००० आणलेत.’ मग थांबा. तो चिडेल. चिडू द्या. त्याची बायको आतून काहीतरी बोलेल, तेही ऐका. मग उरलेल्या रकमेची तारीख द्या, पण अशीच, जी तुमच्या स्वतःच्या हातात आहे. ‘दिल्लीचे आले की देतो’ ही तारीख नव्हे. ‘वीस तारखेला ५०,०००, मग दर सोमवारी ३०,०००’ ही तारीख. ती त्याच्या वहीत तुमच्या हातानं लिहा, सही करा.

रिकाम्या हातानं जाऊ नका, हे मी मुद्दाम सांगतोय. पाच हजार असले तरी चालतील. आणि भेटीला मोठ्या माणसाला घेऊन जाण्याचा मोह टाळा. सरपंच, नगरसेवक, सोसायटीचे चेअरमन सोबत आले की बागवाल्याला वाटतं तुम्ही दबाव आणलाय. फार तर पहिल्या दिवशी ओळख करून देणारे नाना सोबत असू द्या.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातले रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माफीचे सहा भाग पाडून लोकांना कोणता भाग किती पटतो ते तपासलं. २०१६ साली ते काम प्रसिद्ध झालं. सगळ्यात वजनदार ठरलं ‘चूक माझी’ हे कबूल करणं, त्याच्या खालोखाल नुकसान भरून देण्याची तयारी. आणि ‘मला माफ करा’ ही विनवणी सगळ्यात कमी कामाची. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. हात जोडतात, पाया पडतात, डोळ्यांत पाणी आणतात, आणि रकमेचा आकडा तेवढा तोंडातून निघत नाही.

चूक कोणत्या जातीची, यावर दुरुस्तीचा वेळ ठरतो. काम जमलं नाही, अंदाज चुकला, माल खराब निघाला, तर माणसं दोन-तीन चांगल्या व्यवहारांनंतर सावरतात. खोटं बोलला, माप मारलं, एकाच प्लॉटचा विसार दोघांकडून घेतला, तर तिथे गोड बोलून काही होत नाही. तिथे रक्कम पूर्ण परत करायची आणि पुढे बराच काळ समोरच्याच्या अटीवर, त्याच्या काट्यावर, त्याच्या मोजणीवर व्यवहार करायचा. तोही करेल की नाही, हा त्याचा अधिकार.

घरातही हेच, फक्त भरपाई पैशात मोजता येत नाही. लेकीच्या साखरपुड्याला सख्ख्या बहिणीला आठ दिवस उशिरा कळवलं, तर साडी पाठवून मिटत नाही. तिच्या घरी जा, ‘कळवायला हवं होतं, माझं चुकलं’ एवढंच म्हणा आणि लग्नाचं एखादं खरं काम, मूळ लावायचं (पाहुण्यांना आणायला माणूस पाठवायचं), मांडे करणाऱ्या बायका ठरवायचं, तिच्या हाती द्या. आणि मग त्यात नाक खुपसू नका.

पायरी ८ : तुम्हाला फसवलं गेलं तर

पहिला प्रश्न : तो अडकलाय की टाळतोय? अडकलेला फोन उचलतो, आकडा मान्य करतो, थोडे का होईना देतो. टाळणारा आकड्यावरच वाद घालतो. पहिल्याला वेळ द्या, बाकीवर सही घ्या. दुसऱ्याला मुदतीची तारीख लेखी द्या आणि गावात त्याच्याबद्दल बोलत फिरू नका. बदनामी झाली की त्याला पैसे न देण्याचं एक कारण मिळतं.

चेक परत आला तर दिवस मोजायला लागा. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस, ती मिळाल्यावर त्याला १५ दिवस, आणि तरीही पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार. ‘भाऊ, थोडं थांबा, पुन्हा टाका चेक’ असं म्हणत म्हणत लोक हे दिवस घालवतात. नोटीस पाठवणं म्हणजे नातं तोडणं नव्हे. पाठवा आणि फोन करून सांगा की मुदतीसाठी पाठवली आहे, बोलणी चालू ठेवू.

ठेवींबद्दल एक सावधगिरी. पतसंस्थांमध्ये पैसे अडकलेली माणसं या भागात अजून भेटतात. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेला तो नाही. जास्त व्याज सांगणारा ओळखीचा असला तरी हा फरक बदलत नाही. काही जण अमळनेरचा दाखला देतात : १९४५ साली तिथे वनस्पती तुपाच्या कारखान्यातून विप्रो सुरू झाली, ज्यांनी शेअर धरून ठेवले त्यांचं सोनं झालं. खरं आहे. पण ते शेअर होते, कंपनीचे हिशोब दरवर्षी छापून येत होते. तुमच्यासमोर ठेवलेल्या स्कीमचा छापील ताळेबंद मागा. नाही मिळाला, तर चहा घेऊन उठा.

आणि एकदा फसवलेल्याला पुन्हा माल द्यायचा का? द्यायला हरकत नाही, पण रोखीनं, आणि पूर्वीच्या चौथाईइतका. तीन-चार वेळा नीट झालं तर थोडी उधारी. जुनं आणि नवं एका पानावर लिहू नका, नाहीतर आज दिलेले पैसे जुन्या बाकीचे की नव्या मालाचे, यावर दुसरं भांडण होतं.

पायरी ९ : खातं मिटल्यावर

शेवटचा हप्ता आला की बरेच जण सुटकेचा निःश्वास टाकतात आणि विसरतात. इथे अजून पंधरा मिनिटांचं काम आहे. तारणासाठी घेतलेला कोरा चेक परत करा, किंवा तुम्ही दिला असेल तर मागून घ्या. चेक दुसऱ्याच्या कपाटात राहिला की माणूस गेल्यावर त्याच्या मुलाच्या हाती लागतो, आणि त्या मुलाला तुमचा इतिहास ठाऊक नसतो. वचनचिठ्ठी असेल तर ती फाडण्याआधी दोघांनी तिच्यावर तिरपी रेघ मारून ‘चुकते’ लिहावं, तारीख टाकावी, फोटो काढावा. दोन्ही वह्यांत त्या पानाखाली ‘आज रोजी येणं-देणं काही नाही’ अशी ओळ आणि दोघांच्या सह्या. सोबत आलेल्या नानांनाही एक फोन : ‘मिटलं’.